नागपूरच्या घरातले जुने स्पीकर दबके का वाजतात? ट्वीटर बदलण्याआधी हे बघून घ्या

दिवाळीची साफसफाई निघते. महाल असो, धरमपेठ असो की सदर, नागपूरच्या जुन्या घरात माळ्यावरून दोन लाकडी खोकी खाली येतात. बाबांनी ऐंशीच्या दशकात पगार साठवून घेतलेले स्पीकर. धूळ झटकली जाते, वायर जोडली जाते आणि नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांडेंचं एखादं नाट्यगीत लावलं जातं.

आवाज येतो. पण गोधडीखालून आल्यासारखा.

घरातलं कोणीतरी म्हणतं, "ट्वीटर गेला असेल, नवीन टाकून घे." मोबाईलवर शोधलं की शंभर प्रकारचे ट्वीटर दिसतात. कोणावर सिल्क डोम लिहिलेलं असतं, कोणावर टायटॅनियम, कोणावर ४० किलोहर्ट्झ. त्यातला भारीतला मागवला जातो, स्क्रू पिळले जातात आणि स्पीकर आधीपेक्षाही वाईट वाजायला लागतो. जुना ट्वीटर तोवर भंगारवाल्याकडे गेलेला असतो.

इथेच सगळा घोळ होतो. ट्वीटर हा बल्बसारखा काढून दुसरा लावायचा भाग नाही. आणि बऱ्याचदा तो गेलेलाच नसतो.

आधी, ट्वीटर म्हणजे काय?

नाव ऐकून गोंधळ होऊ शकतो, पण जुलै २०२३ मध्ये ज्याचं 'एक्स' झालं त्या ट्विटरचा इथे संबंध नाही. दोन्ही नावं मात्र इंग्रजीतल्या पाखरांच्या चिवचिवाटावरूनच आली आहेत. स्पीकरमधला मोठा, जाड आवाजाचा भाग म्हणजे वूफर. हे नाव कुत्र्याच्या भुंकण्यावरून आलं. वरचा छोटा, बारीक आवाजाचा भाग म्हणजे ट्वीटर.

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. म्हणजे सेकंदाला २० कंपनांपासून २० हजार कंपनांपर्यंत. आठ इंची वूफरचा जड कागदी कोन सेकंदाला दहा हजार वेळा नीट पुढेमागे होऊ शकत नाही. दुसरी अडचण आवाज पसरण्याची. १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची असते. मोठ्या कोनातून निघालेल्या अशा लाटा टॉर्चच्या झोतासारख्या सरळ समोर जातात. समोर बसलेल्याला ऐकू येतं, बाजूच्याला नाही.

म्हणून बारीक आवाजासाठी साधारण २५ मिलिमीटरचा छोटा घुमट वापरतात, त्याला डोम म्हणतात. अमेरिकेतल्या अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या एडगर विलचर यांनी १९५८ मध्ये एआर-३ या स्पीकरमध्ये डोम ट्वीटर आणला आणि पुढे घरगुती हायफायमध्ये हीच पद्धत रुळली. आपल्याकडे १९७० मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या सोनोडाईनसारख्या कंपन्यांनी देशी हायफायचा बाजार उभा केला. त्या काळातले अनेक संच आजही घराघरात पडून आहेत.

कोणता आवाज वूफरला आणि कोणता ट्वीटरला द्यायचा, हे ठरवतो क्रॉसओव्हर. खोक्याच्या आत कॅपॅसिटर, तांब्याची कॉइल आणि रेझिस्टर लावलेली छोटी पट्टी असते, ती हीच. साध्या दोन-भागी स्पीकरमध्ये ही वाटणी बहुतेक वेळा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास होते.

ट्वीटर दबला की नेमकं काय हरवतं?

गंमत अशी की ट्वीटर बंद पडला तरी गाणं थांबत नाही. गायकाचा मूळ सूर, पेटी, डग्ग्याचा घुमार हे सगळं वूफरच वाजवत असतो. म्हणून बिघाड वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

हरवते ती तंबोऱ्याची जवारी. तार छेडल्यावर तिच्यातून उमटणारी स्वरांची झिलई वरच्या पट्ट्यात असते. तबल्याच्या चाटीवरचा कडक बोल, झांजेची किणकिण, घुंगरांचा चुरचुरीत आवाज, गायकाने दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास, हे सगळं मागे सरतं.

आणि हरवतात शब्द. 'स' आणि 'श' यांची बरीचशी ताकद ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असते. मराठीत तर 'चहा'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला च वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगून दाखव, हा फरक फक्त उच्चारात आहे. ओळखीच्या गाण्यात मन हे शब्द भरून घेतं. नवीन गाण्यात मात्र "काय म्हणाला रे?" असं विचारावं लागतं.

नागपूरच्या उन्हाचा यात काय हात?

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. तेवढं दरवर्षी होत नसलं तरी नवतपा आला की पारा ४५ च्या आसपास असणं इथल्या माणसाला नवीन नाही. पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. आणि स्पीकरमधल्या दोन वस्तूंना ही उष्णता मुळीच मानवत नाही.

पहिली वस्तू, फेरोफ्लुइड. ही कथा थेट नासाची आहे. अवकाशात वजन नसल्यामुळे टाकीतलं इंधन तरंगत राहतं. ते चुंबकाने इंजिनाकडे ओढता येईल का, या विचारातून नासाचे स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ मध्ये चुंबकाला चिकटणारं द्रव तयार केलं. तेलात लोहयुक्त पदार्थाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेलं हे द्रव. रॉकेटमध्ये ते फारसं चाललं नाही, पण सत्तरच्या दशकात स्पीकरवाल्यांनी ते ट्वीटरमध्ये घातलं. कॉइल आणि चुंबक यांच्यामधल्या बारीक फटीत हे द्रव बसतं, कॉइलची उष्णता बाहेर नेतं आणि नको ती थरथर आवरतं.

वर्षं गेली की हे तेल घट्ट होत जातं. दुधाचं दही व्हावं तसं. मग डोम त्या चिखलात रुतल्यासारखा हलतो आणि आवाज दबतो. उष्णता जितकी जास्त, तितका हा प्रकार लवकर. आणि दोन्ही खोकी एकाच माळ्यावर असल्यामुळे दोन्ही ट्वीटर सोबतच दबतात. त्यामुळे डावं-उजवं ताडून बघितलं तरी फरक कळत नाही. सगळ्याच ट्वीटरमध्ये हे द्रव नसतं. जुन्या कागदी कोनच्या ट्वीटरमध्ये ते सहसा सापडत नाही.

दुसरी वस्तू, कॅपॅसिटर. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या वाटेवर बहुतेक वेळा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतो. त्यात ओलसर रसायन असतं आणि ते हळूहळू सुकतं. इलेक्ट्रॉनिक्समधला एक ढोबळ नियम सांगतो की तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा कॅपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे तोच कॅपॅसिटर २५ अंशांच्या खोलीत जितका टिकेल, त्याच्या पाव आयुष्य ४५ अंशांच्या माळ्यावर. सुकलेला कॅपॅसिटर ट्वीटरपर्यंत पूर्ण आवाज पोचूच देत नाही. ट्वीटर ठणठणीत, पण उपाशी.

यात कूलरचीही भर पडते. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओलसर हवा अंगाला बरी वाटते, पण उष्णता आणि ओल एकत्र आली की वूफरच्या कडेचा फोम भुगा होतो आणि जोडण्यांवर गंज चढतो. फोमला बोट लावल्यावर तो चुरत असेल तर दुखणं वूफरचंही आहे, हे आधीच ध्यानात घ्यायला हवं.

ट्वीटर खरंच गेलाय का? पाच तपासण्या

दुकानात जाण्याआधी घरीच हे करता येतं. ॲम्प्लिफायर बंद करूनच वायरींना हात लावायचा, एवढं पथ्य पाळायचं.

१. वायरींची अदलाबदल. एकाच बाजूचा आवाज दबका असेल तर ॲम्प्लिफायरच्या मागे डावी आणि उजवी वायर एकमेकांच्या जागी लावायची. दबका आवाज दुसऱ्या खोक्यात गेला तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा प्लेयरचा. त्याच खोक्यात राहिला तर स्पीकरचा.

२. कागदाची नळी. वर्तमानपत्राची नळी करून एक टोक ट्वीटरसमोर आणि दुसरं कानाशी धरायचं. आवाज कमी ठेवायचा. काहीच ऐकू आलं नाही तर ट्वीटरपर्यंत करंट पोचत नाही किंवा कॉइल तुटली आहे. अगदी क्षीण आलं तर द्रव घट्ट झालं असेल किंवा कॅपॅसिटर सुकला असेल.

३. मागचं बटण. अनेक जुन्या स्पीकरवर ट्वीटरचा आवाज कमीजास्त करायचं बटण असतं. ते आतून गंजतं. एआर कंपनीचे जुने स्पीकर तर या दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत. बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवायचं. मध्येच खरखर होऊन आवाज आला तर दोषी सापडला. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की बऱ्याचदा काम होतं.

४. मल्टिमीटर. ट्वीटरची एक वायर सोडवायची आणि मगच मोजायचं, नाहीतर क्रॉसओव्हरचे भाग मध्ये येऊन आकडा चुकतो. ८ ओहमचा ट्वीटर मीटरवर साधारण ६ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. हा आकडा आला म्हणजे कॉइल शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली.

५. स्वतःचा कान. ही तपासणी कोणी करत नाही. वयानुसार वरचा पट्टा ऐकू येणं कमी होतं आणि ते सगळ्यांचंच होतं. १९८५ मध्ये विशीत असलेल्या माणसाने तो स्पीकर ज्या कानांनी ऐकला होता, ते कान आज साठीचे आहेत. म्हणून घरातल्या पंधरा वर्षांच्या पोराला सोबत बसवायचं. त्याला आवाज स्वच्छ वाटत असेल तर नवीन ट्वीटरने आजोबांचा प्रश्न सुटणार नाही.

मोबाईलवरून १० किलोहर्ट्झचा सूर मोठ्याने वाजवून तपासणी मात्र करायची नाही. ट्वीटर गाण्यातला थोडासा वाटा पेलण्यासाठी बनलेला असतो. सलग मोठ्या सुराने चांगली कॉइलही जळू शकते.

बदलण्याआधी दुरुस्ती

मीटरवर आकडा बरोबर आला असेल तर पहिला खर्च ट्वीटरवर नाही, कॅपॅसिटरवर करायचा. जुन्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिले आहेत तितक्याचाच नवीन घ्यायचा. हा कॅपॅसिटर अधिक-उणे टोक नसलेला, म्हणजे नॉन-पोलर हवा. रेडिओ दुरुस्तीत वापरतात तो साधा इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही.

बरेच लोक इथे पॉलिप्रॉपिलीनचा कॅपॅसिटर लावतात. तो सुकत नाही आणि दीर्घकाळ टिकतो. पण त्याचा अंतर्गत अडथळा जुन्यापेक्षा कमी असल्यामुळे आवाज थोडा जास्त चमकदार होतो. तो टोचत असेल तर अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर ओळीत जोडला की जुना समतोल परत येतो.

कॅपॅसिटर बदलूनही दोन्ही ट्वीटर दबकेच असतील तर फेरोफ्लुइडकडे बघायचं. ज्या ट्वीटरचा डोम स्क्रू काढून वेगळा करता येतो, त्याची फट कोऱ्या कागदाच्या पट्टीने साफ करून नवीन द्रव मोजून भरता येतं. काम नाजूक आहे. कॉइलची तार केसासारखी बारीक असते आणि द्रव जास्त किंवा चुकीचं पडलं तर आवाज पुन्हा बिघडतो. ज्या ट्वीटरमध्ये मुळात द्रव नव्हतं त्यात ते घालायचं नाही.

कॉइल तुटली असेल तर काही मॉडेलसाठी डोम आणि कॉइल मिळून तयार भाग मिळतो, त्याला डायफ्राम म्हणतात. मूळ चुंबक तसंच ठेवून एवढंच बदललं तर आवाज मूळच्या सर्वात जवळ राहतो. कॉइल हाताने बांधून देणारे कारागीरही आहेत. त्यांना दोनच प्रश्न विचारायचे: तार मूळच्याच जाडीची आहे ना, आणि वेटोळे तितकेच ना? "चालून जाईल" असं उत्तर आलं तर तो ट्वीटर तिथे सोडायचा नाही.

आणि पोरांनी बोट दाबून डोम आत ढकलला असेल तर घाबरायचं कारण नाही. मऊ कापडी डोम बऱ्याचदा चिकटपट्टी हलकेच लावून उचलली की वर येतो.

बदलायचाच असेल तर काय जुळायला हवं?

सीताबर्डीतल्या दुकानातून घ्या, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणा की ऑनलाइन मागवा, पाच गोष्टी जुळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

ओहम. हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा ८ ओहमच्या ट्वीटरला ३ किलोहर्ट्झपासून वरचा आवाज द्यायचा आहे. सगळ्यात साध्या क्रॉसओव्हरमध्ये त्यासाठी साधारण ६.६ मायक्रोफॅरडचा एक कॅपॅसिटर लागतो. आता तिथेच ४ ओहमचा ट्वीटर लावला तर तोच कॅपॅसिटर ६ किलोहर्ट्झपासून आवाज देऊ लागतो. ३ ते ६ मधला पट्टा धड वूफर वाजवत नाही, धड ट्वीटर. आणि 'स', 'श' ची सुरुवात नेमकी तिथेच आहे. उलट ४ च्या जागी ८ लावला तर वाटणी खाली येते, ट्वीटरला न पेलणारा जाड आवाज मिळतो आणि तो जळतो.

डेसिबल. किती वॅटला किती आवाज, हे सांगणारा आकडा. जुना ९० डेसिबलचा होता आणि नवीन ९४ चा घेतला, तर तो ४ डेसिबलने मोठा वाजतो. हा फरक म्हणजे जुन्या ट्वीटरला अडीचपट करंट-ताकद दिल्यासारखा. सगळं गाणं झांजांनी भरून जातं. यावर उपाय आहे. ८ ओहमच्या ट्वीटरला ४ डेसिबल कमी करायला ओळीत साधारण ३ ओहमचा आणि ट्वीटरला समांतर साधारण १४ ओहमचा असे दोन रेझिस्टर लावतात. याला एल-पॅड म्हणतात. पण नवीन ट्वीटर जुन्यापेक्षा कमी डेसिबलचा निघाला तर त्याला वाढवण्याचा असा सोपा मार्ग नाही. म्हणून शंका असेल तर थोडा जास्त डेसिबलचा घ्यावा.

रेझोनन्स. प्रत्येक ट्वीटर एका ठरावीक कंपनाला आपोआप थरथरतो. माहितीपत्रकात हा आकडा 'एफएस' म्हणून असतो. क्रॉसओव्हर त्याच्या निदान दुप्पट असावा हा जुना दंडक आहे. एफएस १५०० हर्ट्झ असेल तर वाटणी ३,००० किंवा वर. माहितीपत्रकच नसलेला ट्वीटर म्हणूनच घ्यायचा नाही.

माप. पुढच्या पट्टीचा व्यास, खोक्यातलं भोक, स्क्रूंमधलं अंतर आणि चुंबकाची खोली, चारही मोजून घ्यायचं. भोक मोठं करायला लाकूड कापलं की ते परत भरता येत नाही.

जात. दुकानात सर्वात स्वस्त मिळतो तो पिएझो ट्वीटर. मिरवणुकीच्या आणि सभेच्या खोक्यांत तो असतो, कारण त्याचा आवाज लांबवर जातो. पण पिएझोला चुंबक-कॉइल नसते. वीजमंडलाच्या दृष्टीने तो स्वतःच कॅपॅसिटरसारखा वागतो. घरगुती हायफायच्या क्रॉसओव्हरवर तो लावला की क्रॉसओव्हरचं गणित कोसळतं आणि आवाज कर्कश होतो.

आणि एक ट्वीटर गेला असला तरी बदलायचे दोन्ही. डाव्या-उजव्या बाजूचा आवाज सारखा असेल तरच गायक दोन्हींच्या मधोमध उभा राहून गातोय असं वाटतं. एक जुना आणि एक नवीन असला की तो एका बाजूला सरकतो.

महागडा लावला तर आवाज सुधारेल का?

ट्वीटरचे आकडे बघून भुलायला होतं. पण एफएम रेडिओचा आवाज साधारण १५ किलोहर्ट्झपर्यंतच जातो. घरातल्या जुन्या कॅसेट बहुतेक तिथपर्यंतही पोचत नाहीत. कमी दर्जाच्या एमपीथ्रीत १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा कापलेला असतो. त्यामुळे खोक्यावर '४० किलोहर्ट्झ' लिहिलेलं असलं तरी त्या जागी वाजवायला गाण्यात काही नसतं.

जपानच्या यामाहा कंपनीचं उदाहरण बोलकं आहे. १९७८ मध्ये आलेला त्यांचा एनएस-१० हा स्पीकर जगभरच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत पोचला. पण त्याचा ट्वीटर इतका तिखट वाटायचा की साउंड इंजिनिअर त्यावर चक्क टिश्यू पेपर चिकटवायचे. यात अमेरिकन इंजिनिअर बॉब क्लिअरमाउंटन यांचं नाव सर्वात जास्त घेतलं जातं. पुढे कंपनीने स्टुडिओसाठी सुधारित आवृत्ती काढताना वरचा आवाज सौम्य केला. जगातले नामवंत लोक जास्त चमक कमी करण्यासाठी कागद लावत होते, हे नवीन ट्वीटर मागवताना आठवलेलं बरं.

स्पीकर बनवणारा वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हर आणि खोकं एकमेकांना बघून ठरवतो. एकत्र कुटुंबासारखं. त्यात एकच जण फार जोरात बोलणारा आणला तर घर सुधारत नाही, भांडण वाढतं. मूळ ट्वीटर साधा कागदी कोनचा असेल आणि त्याच ओहम-डेसिबलचा चांगला मऊ डोम मिळाला, तर सुधारणा खरंच होते. पण ती जुळण्यामुळे होते, किमतीमुळे नाही.

लावताना या चुका टाळा

जुना ट्वीटर काढण्याआधी मोबाईलने फोटो काढायचा. कोणत्या रंगाची वायर कोणत्या टोकाला होती, हे नंतर आठवत नाही. काही कंपन्या ट्वीटरची अधिक-उणे टोकं मुद्दाम उलटी जोडतात, कारण त्यांच्या क्रॉसओव्हरला तसंच लागतं. "चुकून उलटं लागलंय" म्हणून सरळ केलं की वाटणीच्या जागी आवाजात खड्डा पडतो.

स्क्रूड्रायव्हर घट्ट धरायचा. ट्वीटरमागचं चुंबक लोखंडी टोकाला खेचून घेतं आणि ते थेट डोममध्ये घुसतं. नवीन ट्वीटर पहिल्याच मिनिटाला फुटतो तो असाच. डोमवर जाडसर पुठ्ठा धरून काम करायचं. सोल्डरिंगची कावीय जास्त वेळ टेकवायची नाही, टोकाचं प्लास्टिक वितळतं.

आणि ट्वीटर मुळात जळतो का, हेही समजून घ्यायला हवं. "जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर लावला म्हणून जळला" असं म्हणतात. घरात बऱ्याचदा उलटं होतं. पंधरा-वीस वॅटचा छोटा ॲम्प्लिफायर लग्नात किंवा गणपतीत पूर्ण पिळला की त्याची ताकद संपते आणि आवाजाच्या लाटांचे शेंडे सपाट कापले जातात. अशा कापलेल्या लाटेत वरच्या पट्ट्याची ताकद खूप वाढते आणि ती सगळी ट्वीटरवर येते. आवाज फाटायला लागला की बटण मागे घेणं, हा ट्वीटरचा सर्वात स्वस्त विमा.

जुना ट्वीटर टाकायचा नाही

काढलेले ट्वीटर, जुने कॅपॅसिटर आणि त्यांचे स्क्रू एका पिशवीत घालून, त्यावर स्पीकरचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची. पिशवी शक्यतो खालच्या थंड खोलीत, पत्र्याखालच्या माळ्यावर नाही. नवीन ट्वीटरचा आवाज पटला नाही तर मागे जाता येतं. उद्या त्याच मॉडेलचा डायफ्राम सापडला तर मूळ ट्वीटर पुन्हा जिवंत होतो. विकायची वेळ आली तर जुन्या हायफायच्या शौकिनांत मूळ भाग असलेल्या जोडीला जास्त मान असतो.

लाकडाला मोठं भोक पाडलं आणि मूळ ट्वीटर भंगारात गेला, तर मात्र बाबांनी ज्या आवाजात वसंतराव ऐकले होते तो आवाज कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवायचा: आधी वायर, मग बटण, मग कॅपॅसिटर, मग फेरोफ्लुइड, आणि ट्वीटर सगळ्यात शेवटी. नागपूरच्या बऱ्याच माळ्यांवरचे स्पीकर कॅपॅसिटरच्या पायरीलाच पुन्हा गायला लागू शकतात.